रोज एक मिलिमीटर

९ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितोय. ही अक्षरं माझी वाटत नाहीत, पहिलीतल्या पोराची वाटतात. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मीच त्याला तिखटमीठ लावेन. गेल्या रविवारी काचेची उंच बरणी धूत होतो. हात आत, कोपरापर्यंत साबण. बरणी आतल्या आत फुटली. मनगटाला आतल्या बाजूने खोल काप. वीस वर्षं लोकांचं रक्त काढतोय, स्वतःचं एवढं कधी पाहिलं नव्हतं! बायकोने टॉवेल आवळून धरला आणि म्हणाली, "तिकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ." हेच वाक्य मी रोज तीस जणांना ऐकवतो.

सर्जनने दोन स्नायूंच्या दोऱ्या आणि एक मज्जातंतू जोडला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट – तिन्ही बधिर. लाकूड!

"मज्जातंतू जोडला म्हणजे विजेची तार जोडली, असं नसतं," सर्जन म्हणाला. "पुढची जुनी तार मरते. मनगटापासून नवी उगवत बोटाकडे जाते. रोज साधारण एक मिलिमीटर."

"आणि टोकाला पोचली की बोटाला शीर लागेल?"

"पोचेल. तिला किती कळेल, ते आज नाही सांगता येणार."

लोकांना वाटतं, रक्त काढणारा माणूस डोळ्यांनी शीर शोधतो. डोळे फसवतात. तर्जनीच्या टोकाने त्वचा दाबायची. आतून जे उलट दाबतं, ती शीर. मग त्याच हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात सुई. म्हणजे नेमकी तीच तीन बोटं. ती परत आली नाहीत तर मी कोण? हॉस्पिटलातला एक माणूस, बस.

११ फेब्रुवारी

एकशे बहात्तर. मनगटावरच्या टाक्यापासून तर्जनीच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये. उजवा प्लास्टरात म्हणून मुलीने पट्टीने डावा हात मोजला. मोजून झाल्यावर विचारते, "पण बाबा, दोन्ही हात सारखेच असतात कशावरून?"

बरोबर प्रश्न आहे. मला सुचला नाही, याची लाज वाटली.

२२ मार्च

प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, पण मनगट सरळ करायची परवानगी आज मिळाली. हात म्हणजे सालपट निघालेली फांदी.

फिजिओथेरपिस्ट बाई उंच आहेत, बारीक आहेत, आणि त्यांच्या बोटांत हातोडी आहे. बोटाच्या टोकापासून मनगटाकडे टिचक्या मारत येतात. जिथे टिचकी मारल्यावर बोटात मुंग्यांचा झटका जातो, तिथपर्यंत नवा मज्जातंतू आलेला. तिथे पेनाने खूण. मी मनातल्या मनात त्यांचं नाव टिचकीबाई ठेवलं.

आजचा झटका टाक्यापासून अठरा मिलिमीटरवर. अठरा! ओरडलोच. शेजारच्या पलंगावरच्या आजी दचकल्या. "काय झालं हो त्यांना?" टिचकीबाई म्हणाल्या, "काही नाही, बाळ रांगायला लागलंय."

७ एप्रिल

कामावर हजर. पण रक्त काढायच्या खुर्चीपाशी नाही, खिडकीवर. नाव विचारायचं, वय विचारायचं, उपाशीपोटी आलात का विचारायचं, नळ्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापायच्या. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणाल्या, "बसून रहा. जागा भरत नाही मी." त्यांच्या तोंडून एवढं प्रेम मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

रक्त काढतो म्हणून पडलेलं नाव; सगळे अजून डासच म्हणतात. "डास आला रे!" डंख नसलेला डास.

१६ एप्रिल

प्लंबरकाका आले. आयुष्यभर नळ दुरुस्त केले, आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून दर महिन्याला तपासणीला येतात. त्यांच्या शिरा म्हणजे लपंडाव. वरून एक दिसत नाही, आत बोटाखालून सरकतात. गेली सहा वर्षं मीच काढत होतो.

माझ्या जागी बसणारी सहकारी हुशार आहे, हात हलका आहे. तरी तीन वेळा टोचावं लागलं. काका हूं की चूं न करता बसले होते. जाताना खिडकीशी वाकून म्हणाले, "अरे डासा, लाइन जुनी आहे, पण गळती नाही. फक्त कॉक कुठे आहे ते तुलाच ठाऊक. कधी येतोस परत?"

"रोज एक मिलिमीटर येतोय, काका."

"मग चालत येतोयस म्हण की. मी थांबतो."

हसलो. मग आतल्या खोलीत जाऊन उगाच पंधरा मिनिटं कपाट लावलं.

२० एप्रिल

पंचेचाळीस! तळहाताच्या मध्यावर. बाळ धावतंय.

२ जून

शहाऐंशी.

२३ जून

शहाऐंशी. तीन आठवडे, टिचकी त्याच जागेवर. टिचकीबाई म्हणतात, "होतं असं." पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. की मलाच तसं वाटलं? मी हल्ली लोकांचे चेहरे रिपोर्टसारखे वाचतो. वाईट सवय.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "पुढे रस्ता खोदून ठेवला असेल. वळसा घालून येतंय." शास्त्र शून्य. तरी सबंध दिवसात मला बरं वाटलेली तेवढीच गोष्ट.

१ जुलै

आज बायकोवर चिडलो. शर्टाची बटणं लावायला ती पुढे आली म्हणून. "मी काय लहान आहे?" तिने हात मागे घेतले, खुर्चीवर बसली आणि घड्याळ बघत राहिली. चार बटणं, अकरा मिनिटं. वरचं एक चुकीच्या काजात.

"लहान नाहीस," ती म्हणाली. "लहान मुलं एवढं बोलत नाहीत."

क्षमा मागितली. तिने बटण काढून नीट लावलं.

७ जुलै

एकशे सात!!! सुटला! एका झटक्यात एकवीस! आईला वळशाचं श्रेय दिलं. तिने ते ताबडतोब घेतलं.

२४ ऑगस्ट

टोक. तर्जनीच्या अगदी टोकावर टिचकी मारली आणि दिवा लागल्यासारखा झटका. टिचकीबाईंनी पेन बंद केलं. "यापुढे हातच संपला," म्हणाल्या.

घरी येताना बसमधली प्रत्येक दांडी तर्जनीने चाचपून बघितली. एका बाईंनी विचित्र नजरेने पाहिलं. बरोबर आहे त्यांचं.

१९ सप्टेंबर

दोऱ्यांची चाचणी. नायलॉनचे बारीक-जाड दोरे असतात. मी डोळे मिटायचे. टिचकीबाई दोरा बोटावर टेकवणार. लागला की "हो" म्हणायचं. आज सगळ्यात बारीक दोऱ्याला वीसपैकी एकोणीस.

एकोणीस! टिचकीबाई चक्रावल्या. "इतक्या लवकर मी पाहिलं नाही." मोठ्या मॅडमना सांगितलं. त्यांनी कॅलेंडर काढलं: "नोव्हेंबरपासून खुर्ची." सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी मुलगी गळ्यात पडली. मी हवेत!

३ ऑक्टोबर

हे लिहायचं टाळत होतो. सकाळपासून टाळतोय.

काल सरावासाठी बायकोला म्हटलं, तू घे चाचणी. शिवणाच्या डब्यातला नायलॉनचा दोरा. मी डोळे मिटले. "हो." "हो." "हो." सातव्या "हो"ला ती म्हणाली, "कशाला हो-हो करतोयस? मी अजून दोऱ्याची गाठ सोडवतेय!"

आम्ही दोघं हसलो. मग माझं हसू थांबलं.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी आम्ही प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या यंत्राला दोन नमुने देतो. एक, ज्याचं उत्तर आधी माहीत असतं. दुसरा, नुसतं पाणी. पाण्याला यंत्राने "शून्य" म्हटलंच पाहिजे. काहीतरी आकडा दाखवला, तर त्या दिवशीच्या एकाही रिपोर्टवर सही होत नाही. वीस वर्षांत हे मी एकदाही चुकवलं नाही. आणि स्वतःच्या बोटाला मी एकदाही पाणी दिलं नाही!

आज टिचकीबाईंकडे डोळे मिटून नुसतं ऐकत बसलो. त्या पुढे वाकल्या की स्टूल कुरकुरतं. दोरा टेकवताना श्वास रोखतात. दोन स्पर्शांमध्ये त्यांचं अंतर घड्याळासारखं. मला बोटाने काहीच कळलं नव्हतं. कानाने कळलं होतं.

मुद्दाम केलं का? स्वतःला दहादा विचारलं. नाही. पण "हो" म्हणायची इतकी घाई होती, की बोटाला विचारायलाच विसरलो. मुद्दाम नसणं एवढ्याने सुटका होत नाही. त्या बोटाने मी उद्या कुणाच्या तरी हातात सुई घालणार होतो.

४ ऑक्टोबर

टिचकीबाईंना सांगितलं. क्षणभर त्या लालच झाल्या. मग कापसाचे बोळे आणले, माझ्या कानात कोंबले, स्टूल बदललं. मध्येच खोटे स्पर्श – दोरा वर धरायचा, टेकवायचाच नाही.

वीस खरे स्पर्श. त्यातले पाच कळले. खोटे दहा. त्यातल्या सहांना मी "हो" म्हणालो.

तिथून तडक मोठ्या मॅडमकडे. त्यांनी ऐकून घेतलं. कॅलेंडरवरची नोव्हेंबरची खूण खोडली. "कुणी सांगितलं होतं का सांगायला?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ मला कळला नाही.

५ ऑक्टोबर

काही नाही.

६ ऑक्टोबर

खिडकी. पट्ट्या. काही नाही.

१२ ऑक्टोबर

टिचकीबाईंनी नवा अभ्यास दिला. टेबलावर एक केस ठेवायचा. वर कागद. कागदावरून बोट फिरवून केस शोधायचा. जमलं की कागद वाढवायचे. "तार पोचली आहे," त्या म्हणाल्या. "पण मेंदूला तिकडून येणारी भाषा नवी आहे. आठ महिने तिकडून कुणी बोललंच नाही ना."

केसासाठी आईकडे गेलो. तिचे लांब, पांढरे, जाडसर. "हवा तेवढा उपट," म्हणाली, "पण मला टक्कल पडायच्या आत शीक!"

मी मुलीला एकच अट घातली: काही वेळा कागदाखाली केस ठेवायचाच नाही. आणि कधी, ते मला सांगायचं नाही. डोळ्यांवर ओढणी, कानांत कापूस. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही भलतीच अवघड प्रश्नपत्रिका काढता हो स्वतःसाठी!"

२६ ऑक्टोबर

एक कागद. वीसपैकी नऊ. रिकाम्या कागदांवर केस "सापडला" चार वेळा. यंत्र अजून पाण्याला आकडा दाखवतंय.

११ नोव्हेंबर

वीसपैकी बारा. रिकामे – तीन चुका.

थंडीने बोटं सुन्न. कोमट पाण्यात हात बुडवून बसलो होतो. वाटलं, चाळिशी उलटलेला माणूस आईचा केस कागदाखाली शोधतोय. कुणी खिडकीतून बघितलं तर काय म्हणेल? मग वाटलं, बघू दे.

३० नोव्हेंबर

आज प्रथमच!

ओढणी, कापूस. बोट कागदावर. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. काही नाही. पूर्वी या "काही नाही"ची भीती वाटायची, म्हणून घाईने "हो" सुटायचं. आज ते "काही नाही" वेगळं होतं. सपाट. शांत. त्याला एक चव होती म्हणा ना. मी म्हणालो, "नाही."

पुढचा: "नाही." पुढचा: बोटाखाली अगदी बारीक वळ. "हो!" पुढचा: "नाही."

दहा रिकामे, दहाही ओळखले. मुलीने ओढणी ओढून काढली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, हातात झारा तसाच. "काय झालं? काय झालं?"

"आजी, बाबांना आज काही म्हणजे काहीच सापडलं नाही!"

आईला कळेना, मिठी मारावी की सांत्वन करावं.

२१ डिसेंबर

चार कागद. वीसपैकी सतरा. रिकाम्यांत चूक नाही.

१४ जानेवारी

सहा कागद.

आता उलटाच त्रास. बोट फार बोलतं. स्वेटरची लोकर करवतीसारखी लागते, खुर्चीचं कापड काट्यांचं. टिचकीबाई खुश: "आरडाओरडा करतंय म्हणजे जिवंत आहे." मी विचारलं, हे असंच राहिलं तर? "मग तुम्ही जगातले सगळ्यात तक्रारखोर डास व्हाल." त्यांना माझं टोपणनाव कुणी सांगितलं?

९ फेब्रुवारी

उजव्या हाताने लिहितोय! मधले काही महिने दोन्ही हातांची खिचडी होती. आज पूर्ण पान उजव्याने. अक्षर माझं आहे. अगदी पूर्वीसारखं वाईट.

रबरी हातावर सराव चालू. रबरी नळ्या, लाल पाणी. मोठ्या मॅडमची अट: रबरी हातावर पन्नास, मग त्यांच्यासमोर कर्मचाऱ्यांपैकी दहा जण स्वेच्छेने. दहाच्या दहा, प्रत्येकी एकदाच टोचून. नाहीतर कायमची खिडकी. "कायमची" हा शब्द त्यांनी सावकाश उच्चारला.

२८ फेब्रुवारी

रबरी पन्नास पूर्ण. पण रबर घाबरत नाही, थंडीने आक्रसत नाही, बोटाखालून पळत नाही. रबराचं कौतुक रबरापाशी.

१८ मार्च

परीक्षा झाली. क्रमाने लिहितो, नाहीतर आनंदात काहीतरी गाळेन.

कोण बसणार म्हणून यादी लावली होती. मला वाटलं होतं, चार नावं येतील. चौदा होती! पहिली माझ्या जागेवरची सहकारी. बाही वर करत म्हणाली, "लवकर शिका आणि परत या. तुमच्या त्या प्लंबरकाकांनी माझा आत्मविश्वास गाळून टाकलाय."

 पट्टा बांधला, डोळे मिटले, तर्जनी टेकवली. त्वचा. त्वचा. मग – खालून कुणीतरी हळूच परत दाबलं. तेरा महिन्यांनी! सुई आत, नळीत रक्त. सहकारी म्हणाली, "लागलंसुद्धा नाही." खोटं बोलत असेल. असू दे.

नऊ झाले. नऊ टोचण्या, नऊ नळ्या.

दहावा आमचा पहारेकरी. दंड मांडीएवढा, शिरा खोल. डाव्या कोपरात एक निळी रेघ स्पष्ट दिसत होती. मॅडम बघत होत्या, सगळे बघत होते. बोट ठेवलं. सपाट. शांत. डोळे म्हणत होते आहे, बोट म्हणत होतं नाही.

"इथे नाही," मी म्हणालो. "दुसरा हात द्या."

मागे कुणीतरी कुजबुजलं, "दिसतेय की!" उजव्या हातावर काहीच दिसत नव्हतं. चाचपत राहिलो. एक मिनिट. दीड. पहारेकरी म्हणाला, "साहेब, झोप लागेल मला." आणि मग कोपराच्या बाहेरच्या बाजूला – ती.

दहा टोचण्या. दहा नळ्या.

मॅडमनी कागदावर सही केली. "त्या निळ्या रेघेत सुई घातली असती," त्या म्हणाल्या, "तर रक्त आलं असतं तरी मी तुम्हाला नापास केलं असतं." आणि पुढे: "ऑक्टोबरातच ठरवलं होतं मी, तुम्हाला घ्यायचं. फक्त बोट यायची वाट बघत होते."

त्या "बरं"चा अर्थ आज कळला.

घरी दारातच बायकोने चेहरा वाचला.  माझा उजवा हात घेतला आणि तर्जनीचं टोक हलकेच चावलं. "लागलं?"

"लागलं!"

१ एप्रिल

खुर्चीवर. एकतीस जण. मुलीला तारखेमुळे खोटं वाटलं, तिने हॉस्पिटलात फोन करून खात्री केली. माझीच पोर.

१६ एप्रिल

प्लंबरकाका. बरोबर वर्षभर खिडकीशी वाकत होते, आज खुर्चीत बसले. पट्टा बांधला. ते आपले बोलत होते – नातसुनेने नवा नळ बसवून घेतला तो कसा उलटा बसवलाय, आजकालच्या लोकांना आटा कुठल्या बाजूने फिरतो तेही कळत नाही, वगैरे वगैरे. मध्येच थांबले. "अरे, सुरू कर की. किती वेळ चाचपतोयस?"

"झालं, काका."

त्यांनी हाताकडे पाहिलं. कापूस लावलेला. नळी माझ्या हातात, भरलेली.   मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "चालत आलास खरा."

२८ एप्रिल

सर्जनने फाइल पूर्ण करायला विजेची तपासणी सांगितली. बोटाच्या टोकाला हलका शॉक द्यायचा, मनगटावर किती पोचतो ते यंत्र मोजतं. केली. गंमत वाटली. यंत्रावरच्या माणसाला विचारलं, सकाळी पाणी दिलंत का? त्याला काही कळलं नाही.

१९ मे

विजेच्या तपासणीचा रिपोर्ट आला. तर्जनी: संवेदना अतिक्षीण, सूक्ष्म स्पर्श ओळखता येणं अपेक्षित नाही, यापुढे सुधारणेची शक्यता कमी. म्हणजे या कागदाप्रमाणे गेल्या दीड महिन्यात मला एकही शीर लागलेली नाही.

कागद खिशात ठेवता आला असता. मोठ्या मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. फाइलला लावला. उठल्या, बाहेर येऊन माझ्या खुर्चीत बसल्या आणि बाही वर केली.

"शोधा."

डोळे मिटले. लागली.